दुपारी वारा पडेल

४ मार्च, मंगळवार

ताईने आज मला चार कामं सांगितली. एक केलं, एक अर्धं केलं, आणि उरलेली दोन कुठली होती तेच विसरलो. दोन दिवस राहतो म्हणून आलो होतो. आता ती विचारत नाही की कधी जाणार, आणि मीही विषय काढत नाही. माझी पिशवी तिच्या कापड कापायच्या टेबलाखाली आहे, अर्धी भरलेली. कधी उचलावीशी वाटली तर उशीर नको.

ताई पडदे शिवते. बाहेरच्या खोलीत लोकांच्या खिडक्यांच्या मापाचे पडदे टांगलेले असतात आणि मी त्यांच्या मागे झोपतो. सकाळी जाग येते तेव्हा नाटक सुरू व्हायच्या आत रंगमंचावर सापडल्यासारखं वाटतं.

दाजींचं काम म्हणजे उंच इमारतींच्या भिंतींवर चित्रं रंगवायची. गच्चीवरून दोर सोडायचे, दोराला फळी बांधायची, फळीवर बसून खाली यायचं. त्या फळीला ते पाळणा म्हणतात. पाळणा सातव्या मजल्यावर, आणि त्यातलं बाळ त्रेचाळीस वर्षांचं.

वारा असला की वर जाता येत नाही. म्हणून रोज सकाळी दाजी खिडकीत उभे राहतात, पडदा किती हलतो ते बघतात, मग फोन बघतात. फोनवर हवामान सांगणारी तीन ॲप आहेत आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही.

"काय करू गं? जाऊ?" त्यांनी आज ताईला विचारलं.

"मला काय विचारता? मी काय वेधशाळा आहे?"

ते माझ्याकडे वळले. मी घाईघाईने म्हणून गेलो, "दाजी, मी तुम्हाला एक सांगणारं बनवून देतो. एकच. ते सांगेल ते फायनल."

"मेव्हणे," दाजी म्हणाले, "फायनल सांगणारं काही मिळालं तर फार उपकार होतील."

ते हसले नाहीत. नाहीतर 'मेव्हणे' म्हणताना ते नेहमी हसतात.

६ मार्च, गुरुवार

झालं. म्हणजे जवळजवळ.

गेल्या वर्षी एका प्रवासी निवासाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायचं काम करत होतो तेव्हा तिथे उतरलेल्या एकाने हे शिकवलं होतं. प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. स्क्रीनवर चौकोनी डबे असतात, एकाची रेघ ओढून दुसऱ्याला जोडायची. पहिला डबा घड्याळाचा: सकाळ झाली की बाकीच्यांना उठवतो. दुसरा हवामानाच्या सेवेकडून आकडे आणतो. तिसरा तपासतो: वारा दाजींच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर 'नको', कमी असेल तर 'हरकत नाही'. चौथा डबा एआयचा. त्याला आकडे दिले की तो माणसासारखी दोन वाक्यं लिहितो. पाचवा ते दाजींच्या फोनवर पाठवतो.

शिकवणाऱ्याचं नाव आठवत नाही. त्याचे बूट मात्र आठवतात, पिवळे होते. तसे बूट पुन्हा कुठे दिसले नाहीत.

आज सकाळी पहिला निरोप आला: आज बर्फ पडेल, समुद्र खवळलेला राहील.

ताईने उन्हात वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघितलं. "स्वेटर काढू का रे?"

अक्षांशाच्या जागी रेखांश घातला होता. आम्ही दिवसभर कुठल्यातरी समुद्राच्या मधोमध राहत होतो. दाजी दुपारपर्यंत ते आठवून हसत होते. त्यांना इतकं हसताना मी आल्यापासून पहिल्यांदा बघितलं.

१० मार्च, सोमवार

आता बरोबर चालतंय. पण दाजींनी निरोप मोठ्याने वाचला: "आज मध्यम स्वरूपाच्या वाऱ्यासह पर्जन्यवृष्टीची शक्यता नाकारता येत नाही. हे कोण बोलतंय? बँकेतला साहेब?"

"एआय."

"त्याला म्हणावं, चहा घे आणि नीट बोल."

म्हणून एआयच्या डब्यात लिहिलं: 'तू घरातला माणूस आहेस. सरकारी बोलू नकोस. पाऊस पडेल, ऊन पडेल, थंडी पडेल, धुकं पडेल, असं साधं बोल. वाऱ्याचंही तसंच सांग.'

संध्याकाळी चाचणी घेतली. निरोप आला: उद्या छान ऊन पडेल, टोपी विसरू नका. ताईला तर ते इतकं आवडलं की तिने स्वतःच्या फोनवरही मागून घेतलं. "घरात एक तरी माणूस माझ्याशी नीट बोलतो," म्हणाली.

१३ मार्च, गुरुवार

आज दाजींबरोबर कामावर गेलो. इमारतीची एक अख्खी बाजू खिडकीशिवाय आहे आणि तिच्यावर ते लांब मानेचा पक्षी काढतायत. पाय तिसऱ्या मजल्यापर्यंत, मग पोट, मग मान चढत चढत पार वर. सगळं झालंय. डोळा राहिलाय. डोळा सातव्या मजल्याच्या वर येतो आणि डोळा दाजीच काढतात, दुसऱ्या कोणाला देत नाहीत. इमारतीच्या मालकाचा रोज फोन येतो, पक्षी आंधळाच ठेवणार का म्हणून.

दाजींची कामावरची जोडीदारीण म्हणजे खार. खरं नाव काहीतरी वेगळं आहे, पण दोरावरून ती ज्या तऱ्हेने वर-खाली करते ते बघितलं की दुसरं नाव सुचत नाही. तिने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू तो डबेवाला मेव्हणा?"

"हो."

"तुझा डबा काल 'नको' म्हणाला. काल पान हलत नव्हतं."

"काल ताशी वीस किलोमीटरच्या वर वारा होता."

"जमिनीवर बसून सगळ्यांनाच वारा लागतो," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

मर्यादेचं असं आहे की आधी दाजींनी पंचवीस सांगितली होती. मग वीस कर म्हणाले. आज घरी येताना म्हणाले, पंधरा कर. मी केली. अनुभवी माणूस आहे, अंदाज घेत घेत नेमका आकडा ठरवतोय. असं काटेकोर वागणं मला कधी जमणार कोण जाणे.

१६ मार्च, रविवार

आज वाट चुकलो, पण मजा आली. त्याच डब्यांतून चंद्र उगवायची वेळ काढता येते हे लक्षात आलं. म्हणून ताईसाठी एक वेगळी साखळी बनवली: चंद्र वर यायला लागला की तिला निरोप, 'चल गच्चीवर'. खरं तर आज दुपारचा वारा तपासणारा डबा जोडायचा होता, कारण तिसरा डबा फक्त सकाळचाच वारा बघतो. पण दाजी सकाळीच जातात, त्यामुळे घाई नाही. उद्या करीन.

संध्याकाळी ताई आणि मी गच्चीच्या कठड्याला टेकून चंद्र बघितला. दाजी जिन्याच्या दारातच उभे राहिले.

"या की इकडे," ताई म्हणाली.

"इथून दिसतोय."

मी नंतर तिथे जाऊन बघितलं. तिथून दिसत नाही, मध्ये पाण्याची टाकी येते. त्यांना चंद्राची फारशी हौस नसावी. ताई त्यांच्याकडे बघत राहिली होती, चंद्राकडे नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे बरं वाटतं बघायला.

१९ मार्च, बुधवार

तीन दिवस लागोपाठ 'नको' आलं. दाजींनी तिन्ही दिवस निरोप वाचला, फोन उलटा ठेवला आणि घरी पडद्यांच्या कड्या बसवून दिल्या. शिट्टी वाजवत. मशीन सांगेल ते ऐकायचं म्हणजे ऐकायचं. इतका विश्वास माझ्यावर आजवर कोणी टाकला नव्हता, शाळेने तर नाहीच.

मालकाचा फोन आला तर दाजी म्हणतात, "मी काय करू? मशीन नको म्हणतंय." आणि फोन माझ्याकडे देतात. मालक मला साहेब म्हणाला. साहेब!

ताई आज अचानक म्हणाली, "तुझं ते मशीन कायमचं 'नको' म्हणू शकतं का?"

"तसं कसं? मग उपयोग काय त्याचा?"

"काही नाही," ती म्हणाली. "गंमत केली."

२१ मार्च, शुक्रवार

रात्री उशिरा लिहितोय.

सकाळचा निरोप होता: हरकत नाही. सकाळी थोडा वारा आहे, दुपारी वारा पडेल.

मी तो वाचला होता. मी आकडे बघितले होते, दुपारचे झोत मोठे होते, म्हणून मला वाटलं बरोबर सांगितलंय: दुपारी वारा येणार. सकाळीच उरकतील. मी निश्चिंत.

दाजी सकाळभर खालीच. रंग घोटले, दोर तपासले, पुन्हा तपासले. खार दोनदा म्हणाली, "दादा, चला ना." ते म्हणाले, "दुपारी वारा पडणार आहे. पडल्यावर जाऊ. घाई काय?" मी तिथे नव्हतो. मी दुपारी ताईने दिलेला जेवणाचा डबा घेऊन पोचलो तेव्हा ते नुकते वर गेले होते.

खालून बघत उभा राहिलो. ते पक्ष्याच्या डोक्यापाशी पोचले आणि मग बराच वेळ काहीच केलं नाही. दोन्ही हातांनी दोर धरून, कपाळ भिंतीला लावून बसले होते. कलाकार माणूस, मनात डोळा बघत असतील, असं वाटून मी हाक मारली नाही.

मग वारा आला. एकच झोत. पाळणा भिंतीपासून लांब गेला, इतका लांब की मला फळीची खालची बाजू दिसली. मग तो परत आला. त्या आवाजाचं वर्णन करायचं नाही.

खारने गच्चीवरून एकटीने दोर सोडत त्यांना खाली आणलं. उजवं मनगट मोडलंय, खांदा सुजलाय. शुद्धीत होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "मेव्हणे, मशीनची चूक नाही हं."

दवाखान्याच्या बाकावर खार माझ्या शेजारी बसली. तिच्या तळहातांची कातडी सोलली होती.

"वारा पडेल म्हणजे काय रे?"

"म्हणजे... वारा सुटेल."

ती हळू, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "पतंग उडवलायस ना? वारा पडला की पतंगाचं काय होतं?"

खाली येतो.

पाऊस पडतो तेव्हा येतो. ऊन पडतं तेव्हा येतं. थंडी, धुकं, सगळं पडतं तेव्हा येतं. वारा पडतो तेव्हा जातो. हे मला माहीत आहे. जन्मापासून माहीत आहे. एआयला माझ्या वाक्यावरून वाटलं, सगळंच पडतं तर हेही पडेल. आणि माझ्या डोक्यात आकडा आधीच होता, म्हणून मीही तेच वाचलं जे मला माहीत होतं.

'वाऱ्याचंही तसंच सांग.' मीच लिहिलंय ते.

२२ मार्च, शनिवार

पिशवी भरली. ताई दारात उभी होती.

"कुठे?"

"जातो. माझ्यामुळे झालं."

"आणि गेल्यावर त्यांचं मनगट जुळेल?"

मी पिशवीचा बंद ओढला.

"ते मशीन तू सुरू केलंस. नीट कर, मग जा नाहीतर राहा. सुया संपल्यात, जाताना घेऊन ये." जाताना म्हणजे बाजारात, की कायमचा, ते तिने सांगितलं नाही. सुया आणल्या.

२७ मार्च, गुरुवार

साखळी पूर्ण मोडून नव्याने जोडली. आता दिवसभराचा वारा तपासला जातो, झोतांसकट. वाऱ्याचं वाक्य एआय लिहीतच नाही, मी तीनच ठरवून ठेवलीत: वारा नाही, वारा आहे, वारा वाढणार. समोर आकडा. बाकीचं एआय लिहितो, आणि पहिले काही दिवस प्रत्येक निरोप आधी खारकडे जातो. ती 'समजलं' म्हणाली तरच पुढे. काल तिने एक परत पाठवला: "'ढग जमतील' ठीक आहे, पण 'जमतील तसे' म्हणजे काय? त्यांची सोय बघून?"

दाजी मजेत आहेत. प्लॅस्टर घातल्यापासून भूक वाढलीय. झोपही लागते म्हणतात. ताईला पडद्यांची नवीन नक्षी डाव्या हाताने काढून देतात, वाकडी येते आणि त्या वाकडेपणालाच गिऱ्हाईक मिळतं. माणसाने दुखणं किती हसत सोसावं! माझा साधा दात दुखला तर मी गाव सोडतो.

८ एप्रिल, मंगळवार

एक सुधारणा सुचली. प्लॅस्टर निघाल्यावर आकडे सगळे ठीक असले तरी दाजींचा हात दुखत असेल तर? ते हवामानाच्या सेवेला कसं कळणार? म्हणून शेवटी एक डबा वाढवला. 'हरकत नाही' म्हणायच्या आधी तो दाजींनाच विचारतो: 'आज वर जाल?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. नाही दाबलं तर खारला परस्पर निरोप जातो, म्हणजे तिला ताटकळत बसायला नको.

दाजींना दाखवलं. त्यांनी दोन्ही बटणांवरून बोट फिरवलं, दाबलं नाही.

"नाही दाबलं तर पुढे काही विचारतं का?"

"नाही. काय विचारणार?"

"हं," म्हणाले. फोन बराच वेळ हातात ठेवला.

२५ एप्रिल, शुक्रवार

प्लॅस्टर निघून काही दिवस झाले. काल डॉक्टर म्हणाले, आता काहीही करा. मालकाचा लगेच फोन. आज सकाळी पडद्याची सुरकुतीसुद्धा हलत नव्हती. वारा नाही, दिवसभर नाही. मग प्रश्न आला: आज वर जाल?

दाजी खुर्चीत बसले होते. चहा समोर, त्यावर साय धरली. ताईचं शिलाई मशीन चालू होतं, मग थांबलं. त्यांनी नाही दाबलं.

"हात दुखतोय का?" मी विचारलं.

"हात?" त्यांनी हाताकडे बघितलं, जणू कोणीतरी आणून दिलाय. "हो. हात."

मग त्याच हाताने त्यांनी ताईचं शिलाई मशीन उचलून उजेडाकडे ठेवलं. ते मला दोन हातांनीही जड जातं. मला वाटलं चुकून दुसरं बटण दाबलं गेलं. साखळी उघडून बघितली, सगळं ठीक होतं. ताईला म्हटलं, "तसाही हात बरा झालाय. तो प्रश्नाचा डबा काढून टाकतो, उगाच मध्ये एक पायरी."

ताई उठली. टेबलाखालून माझी पिशवी काढली, त्यातले कपडे धुवायच्या ढिगात टाकले आणि रिकामी पिशवी माळ्यावर फेकली.

"तो डबा काढलास तर तुला घराबाहेर काढीन," म्हणाली. "बाकी काय हवं ते काढ."

आता मला बाहेर काढणार की पिशवी माळ्यावर ठेवणार, काहीतरी एक ठरवायला हवं ना! पण ती पुन्हा शिवायला बसली होती आणि तिची मान फार खाली होती, म्हणून नाही विचारलं.

खारचा फोन आला. एआयने तिला कळवलं होतं: 'प्रकृतीच्या कारणास्तव ते आज उपस्थित राहू शकत नाहीत.' "कोण गेलं?" ती ओरडली. "माझा श्वास अडकला ना!" मी समजावलं. ती म्हणाली, "दादांना दे फोन."

ते दोघं काय बोलले मला ऐकू आलं नाही. पण दुपारी दाजी आणि मी इमारतीकडे निघालो, रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलो. खार पक्ष्याच्या डोक्यापाशी, दाजी इकडे, फोन कानाला, आणि दुसऱ्या हाताने हवेत गोल काढत.

"खाली. अजून खाली. तुझ्या नाकाच्या रेषेत. तुझ्या गं, पक्ष्याच्या नाही! हां. आता काळा. थोडाच. पांढरा ठिपका ठेव, त्यातच जीव असतो."

मान वर करून करून त्यांना घाम आला होता, पण आवाज मोकळा होता. येणारीजाणारी माणसं थांबून बघायला लागली. एकजण मला म्हणाला, "हे कोण?" मी म्हटलं, "हे डोळा काढतायत." तो वर बघत राहिला.

मालक आला. "हा खाली बघतोय," म्हणाला. "आभाळात बघायला हवा होता."

"राहू दे," दाजी म्हणाले. "खाली बघणारा असू दे एखादा."

संध्याकाळी खारला जाणारा निरोप दुरुस्त करायला बसलो. एआयला पाच वेळा वेगवेगळं सांगून बघितलं. तो प्रत्येक वेळी कारण घालतो. तब्येत, अपरिहार्य, वैयक्तिक. दाजी मागे येऊन उभे होते ते कळलंच नाही.

"कारण नको लिहूस," ते म्हणाले.

मग एआयची रेघ तोडली आणि त्या जागी मीच टाइप केलं: आज दाजी खालून.

त्यांनी वाकून वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे कोण बोलतंय?"

"मी."

"हं," दाजी म्हणाले. "मग असू दे."